तेरा अंगठ्यांची पाखरं

त्या बायकांच्या हातात पेन्सिल टिकत नसे. पहिल्याच दिवशी चौघींनी पाटीवरच्या पेन्सिली मोडल्या. हातांत जोर नव्हता म्हणून नव्हे, फार होता म्हणून. म्हशी पिळणारे, गवऱ्या थापणारे, गवताचे भारे उचलणारे हात ते. चिमटीत एवढीशी काडी धरायची म्हटल्यावर त्या ती खुरप्यासारखी मुठीत आवळत आणि ती कट्कन मोडे. मोडली की त्या घाबरून माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याहून जास्त घाबरून त्यांच्याकडे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. सकाळी मुलींच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते, तेही हंगामी म्हणून. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन काही वर्षं झाली होती. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, संस्थानच्या कचेरीत कारकून होते. विलीनीकरणानंतर एक लखोटा आला आणि त्यांना वेळेआधी घरी बसावं लागलं. तेव्हापासून पोस्टमन दाराशी थांबला तरी आमच्या घरात सगळे हातातलं काम टाकून दाराकडे बघत. ती धास्ती मी अप्पांकडूनच घेतली असावी. शाळेत शिपाई एखादी चिठ्ठी घेऊन आला, तर ती उघडायला मी तास संपायची वाट बघे.

गणपती झाल्यावर माझ्याकडे प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग आला. गंगावेशीजवळच्या एका देवळाच्या ओवरीत, दुपारी दोन ते तीन. वेळ बायकांनीच ठरवली होती. सकाळची दुधं घालून झालेली असत आणि संध्याकाळच्या धारा चारला सुरू होत. मधल्या वेळात घरी जाऊन भाकरी खायची, धुणं आटपायचं, आणि त्यातून वाचलेला तासभर माझा. चौदा जणी होत्या. निम्म्याअधिक म्हशीवाल्या, दोघी-तिघी मोलकरणी, आणि एक भाजीवाली. ही भाजीवाली चाळिशीची, विधवा, उंच, फारसं न बोलणारी. मेथी-पोकळ्याची पाटी ओल्या पोत्याखाली झाकून ती ओवरीच्या पायरीशी ठेवायची आणि पाटी दिसेल अशा बेतानं बसायची.

पहिले पंधरा दिवस 'ग म भ न' झालं नाही. कुणी पेंगत असे, कुणाचं लक्ष सावली किती सरकली इकडे. तीन महिन्यांनी शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई परीक्षा घेणार होत्या. निदान आठ जणींना स्वतःचं नाव लिहिता आलं पाहिजे, नाहीतर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे माझ्या नावापुढे एक शेरा, आणि हंगामी माणसाला एक शेरा पुरतो. मला जेवण जाईना.

एका दुपारी मी हताश होऊन पाट्या बाजूला ठेवल्या. भाजीवालीच्या पाटीत चार निबर भेंड्या उरल्या होत्या. त्यातली एक मागून घेतली, शेजारच्या घरून विळी, बशी आणि नीळ आणली, भेंडी देठाकडून आडवी कापली, बशीत नीळ कालवली, आणि भेंडीचं टोक निळीत बुडवून कागदावर दाबलं. पाच पाकळ्यांचं फूल उमटलं. बायका पुढे सरकल्या.

"आगं, फूल आलं की!" एक म्हशीवाली म्हणाली. "बगू, मला द्या."

दहा मिनिटांत प्रत्येकीनं कागदभर फुलं केली. पेंगणारी कुणी उरली नव्हती. त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते असं की, भेंडी धरताना त्यांची बोटं आपोआप चिमटीत आली होती. तीच चिमूट मला पेन्सिलीसाठी हवी होती.

मग मी रोज पहिली दहा मिनिटं असलं काहीतरी करायला लागले. विकत काही आणायचं नाही, लवकर व्हायला हवं, आणि चुकलं तरी चुकलं असं वाटू नये, एवढंच मी बघत होते. पिंपळाच्या पानाला मागून गेरू फासून त्याचा ठसा. दोरा शाईत बुडवून घडीच्या कागदात ठेवायचा आणि वरून हात दाबून ओढून काढायचा, की आत काहीतरी वेलीसारखं उमटे. हळदीच्या पाण्यानं बोटानं ठिपके, मग ठिपके जोडायचे, आणि जोडता जोडता त्यातून 'ग'चा काना निघायचा. दिवाळीनंतर पाच-सहा जणी पेन्सिल नीट धरू लागल्या. त्या दिवसांत मी घरी जाताना भीत नव्हते, हे मला मागाहून आठवलं.

मग मी ती चूक केली.

शाळेच्या कपाटात शिक्क्यांची एक जुनी जांभळी गादी पडून होती. अंगठ्याचा ठसा घेऊन त्याला चोच, डोळा आणि दोन काड्यांसारखे पाय काढले की पाखरू होतं, हे मला कुठल्याशा मुलीनं दाखवलं होतं. मी ड्रॉइंगचा एक मोठा कागद घेतला, गादी घेतली आणि ओवरीत जाऊन बसले. आणखी हुशारी म्हणून कागदावर आधीच चौदा जागा आखल्या आणि प्रत्येक जागेखाली एकेकीचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहिलं. पाखरू आपलं, खालचं नाव आपलं, म्हणजे ते बघून गिरवायला सोपं जाईल, असा माझा हिशेब.

बायका अंगठा द्यायला सरावलेल्या होत्या. एकेक पुढे येई, न विचारता डावा अंगठा गादीवर दाबे आणि कागदावर टेके. मी चोच काढली की हसू फुटे. "माजी साळुंकी हाय," "माजा कावळाच झालाय बगा." तेरा झाल्या. चौदावी भाजीवाली. तिनं अंगठा मुठीत घातला होता.

"या की मावशी," मी म्हटलं.

"न्हाय. अंगठा न्हाय द्यायची मी."

"अहो, चित्र आहे नुसतं. बघा ना, पाखरं झालीत."

"त्यो बी असंच म्हनला हुता." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मालक गेल्यावर दिरानं कागद आनला. म्हनला, रेशनकारडावरनं दादाचं नाव काढायचं हाय, अंगठा दे. दिला. म्होरल्या पेरणीला रानात गेलते, तर म्हनला, तुजं काय हाय हितं?"

तिनं कागदाकडे बोट केलं. "आनी ह्ये काय लिवलंय खाली?"

"नावं. तुमची नावं."

"अंगठा, आनी खाली नाव," ती म्हणाली. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून गेली.

बाकीच्या आपापल्या अंगठ्यांकडे बघत होत्या. त्या दिवशी सगळ्या वेळेआधी उठल्या. मला वाईट वाटलं, पण खरं काय घडलं ते कळलं नव्हतं. उलट माझ्या मनात परीक्षेचीच काळजी. काम चालू आहे हे तपासनीस बाईंना दिसावं म्हणून त्याच संध्याकाळी मी महिन्याच्या अहवालाला तो कागद जोडला आणि सकाळी शिपायाबरोबर त्यांच्या कचेरीत पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ओवरीत मी एकटी होते. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात तिघे पुरुष येऊन उभे राहिले. पुढचा पटकेवाला वर्गातल्या एका म्हशीवालीचा नवरा होता. गादीची जांभळी शाई दोन-दोन दिवस निघत नाही. घरोघरी नवऱ्यांनी, सासऱ्यांनी बायकांचे अंगठे बघितले होते आणि विचारलं होतं, कुठं दिलास अंगठा? त्यात कुळांच्या नव्या कायद्याची बोलणी गावोगाव चालली होती. कुणाची जमीन जाणार, कुणाला मिळणार, याची कुणालाच खात्री नव्हती, आणि प्रत्येक कागदाचा संशय येत होता.

"बाई, आमचा कागद द्या," तो म्हणाला.

"ते चित्र आहे हो. पाखरांचं."

"पाखरं असूंदे न्हायतर हत्ती. अंगठा आमच्या मानसाचा हाय का न्हाय? व्हय का न्हाय, एवढंच सांगा."

"आहे."

"मग आना."

"कागद इथं नाही," मी म्हटलं. "कचेरीत पाठवलाय."

तो वळून मागच्या दोघांकडे बघू लागला. "सरकारात गेला की रं!"

त्यांच्यातला म्हातारा खाली ओट्यावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "लेकीवानी हाईसा तुमी. आमी तुमचं काय वाकडं केलतं?"

अप्पा आतून बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. माणसं गेल्यावर ते मला म्हणाले, "नाव, त्यावर अंगठा, आणि वर काही मजकूर नाही. कोरी जागा किती होती?"

"वरचा निम्मा कागद," मी सांगितलं. शोभेला सोडला होता.

अप्पांचा चेहरा उतरला. "तीस वर्षं मी कागद बघितले," ते म्हणाले. "कोऱ्या कागदावरचे अंगठे हाती लागले, की वर कुणीही हवं ते लिहू शकतं, गं." तोवर मला वाटत होतं की अडाणी माणसांची समजूत काढायची आहे. आता कळलं की ती माणसं बरोबर होती आणि मी चुकले होते.

सकाळी शाळेत रजा सांगून मी कचेरीत गेले. तपासनीस बाई दौऱ्यावर गेल्या होत्या, पेठ वडगावला, आणि तिथून पुढे आणखी कुठे. अहवालांचा गठ्ठा त्यांच्याबरोबरच होता. मी तशीच स्टँडवर गेले आणि एस.टी.त बसले. पंचगंगेचा पूल मागे पडला, दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर. एरवी तो काकवीचा वास मला आवडायचा, त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. गठ्ठा बसमध्ये राहिला असला तर? कुणी कारकुनानं वरच्या कोऱ्या जागेत काही लिहिलं असलं तर? असलं काही होत नसतं हे मला कळत होतं, आणि होतं हेही भाजीवालीनं मला सांगितलं होतं.

वडगावच्या शाळेत तपासनीस बाई वर्ग तपासत होत्या. करड्या केसांच्या, जाड चष्म्याच्या, नऊवारी नेसणाऱ्या. मला बाहेर व्हरांड्यात दीड तास बसवलं. मग आत बोलावलं आणि मी सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं जमलं.

त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला, एकेक अहवाल उलटत गेल्या. चार-पाच कागद उलटून झाले. मग ती जांभळी पाखरं दिसली.

"चित्रकलेचा वर्ग आहे का तुमचा?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. हात वळावेत म्हणून..."

"हात वळले का?"

"सहा जणींचे."

त्यांनी कागद उजेडात धरला. "मीही हा आधी बघितला होता. मला काही खटकलं नाही." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "खटकायला हवं होतं. घेऊन जा. पण मी शेरा लिहिणार. आणि परीक्षेची तारीख बदलणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी ओवरीत बसले, घरची कात्री घेऊन. अप्पांनी पटकेवाल्याला निरोप दिला होता. बायका आल्या, पण बरोबर पुरुषही आले. पायऱ्यांवर पंचवीस-तीस माणसं तरी असतील. मी कागद सगळ्यांसमोर उलगडला आणि एकेक नाव वाचत, एकेक पाखरू कापून ज्याच्या-त्याच्या हातात दिलं. घाईत दोन पाखरांचे पाय कापले गेले. पटकेवाल्यानं बायकोचा तुकडा तिथंच काडी लावून जाळला. कुणी चुरगाळून कनवटीला लावला. एका म्हशीवालीनं मात्र नवऱ्याच्या हातून तो काढून घेतला आणि म्हणाली, "ऱ्हाऊंदे. माजी साळुंकी हाय ती."

शेवटी माझ्या हातात एक तुकडा उरला. वर रिकामं, खाली नाव. भाजीवाली खांबाला टेकून उभी होती. मी तो तिला दिला.

"ह्येच्यात अंगठा न्हाय न्हवं?"

"नाही. तुम्ही दिलाच नव्हता."

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "ह्ये माजं नाव? एवढं मोटं?" मग म्हणाली, "बाई, फुलं-पानं नगं आता. मला आदी ह्ये शिकवा. म्हंजे अंगठा मागाया कोन येनार न्हाय."

वर्गाला नऊ जणी परतल्या. पाच आल्याच नाहीत. शाई, गेरू, नीळ मी घरी ठेवून दिली, कारण माझीच हिंमत होईना. पण आठवड्यानं त्या साळुंकीवालीनं स्वतःच दोन भेंड्या आणल्या आणि म्हणाली, "पैली दहा मिंटं तरी गंमत करूया की. हात आकडल्यात." मी दारं-खिडक्या नसलेल्या त्या ओवरीत चारी बाजूंना बघितलं आणि मग नीळ आणायला घरी गेले.

भाजीवालीचं नाव सव्वा महिन्यात तयार झालं. मला त्याचाही आनंद नीट होईना. एका दुपारी मी तिला म्हटलं, "मावशी, सही आली म्हणून कुठंही करायची नाही. वर काय लिहिलंय ते आधी वाचायचं. वाचता येत नसलं तर दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, आणि एकाकडून नाही, दोघांकडून." तिनं मान हलवली. ऐकलं की नाही ते कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तपासनीस बाई आल्या. छापील फॉर्म होता आणि त्यावर आठ सह्या हव्या होत्या. सात झाल्या, वेड्यावाकड्या, पण झाल्या. एक म्हशीवाली नावातच अडकली आणि रडायला लागली. उरली भाजीवाली. टाक तिच्या हातात दिला.

"इथं लिही नाव," तपासनीस बाई म्हणाल्या.

"वर काय लिवलंय?"

"परीक्षेचं आहे. तू नाव लिही."

"आदी वाचा की."

आठवी सही तीच होती. तपासनीस बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग फॉर्म उचलला आणि वाचून दाखवला. खाली सह्या करणाऱ्या स्त्रियांची अमुक वर्गात परीक्षा घेतली, वगैरे.

"आनी त्ये तळाला बारीक?"

"ते छापखान्याचं नाव आहे," तपासनीस बाई म्हणाल्या, आणि तेही वाचलं.

भाजीवालीनं फॉर्म घेतला आणि माझ्यापुढे धरला. "आता तुमी वाचा."

एवढ्या मोठ्या बाईंनी वाचलेलं मी पुन्हा वाचायचं म्हणजे त्यांना खोटं पाडण्यासारखं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर वाचता आलं नसतं. सगळं वाचलं, छापखान्यासकट. मग ती खाली बसली, फॉर्म मांडीवरच्या पाटीवर ठेवला आणि नाव लिहिलं. किती वेळ लागला सांगता येत नाही. उठून गेल्यावर एक मात्रा राहिल्याचं आठवलं, ती तिनं परत येऊन दिली.

तपासनीस बाईंनी फॉर्म पिशवीत घातला. "हे तुम्ही शिकवलंत?" त्यांनी मला विचारलं.

खरं बोललं तर चांगलं की वाईट, ते ठरेना. "हो," मी म्हटलं.

वर्ग चालू राहील असं पत्र यायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे मी पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर बसून काढले. त्याच पत्रात यापुढे कुणाचेही ठसे घेऊ नयेत, अशी ताकीद होती; शेरा तेवढाच.

उन्हाळ्यात भाजीवाली आमच्या घरी आली. तिला दिरानं घेतलेला तो जुना कागद बघायचा होता. अप्पांनी नोकरी सुटल्यापासून कचेरीच्या दिशेनं पाऊल टाकलं नव्हतं, पण ते तिच्याबरोबर दोन खेपा गेले आणि नक्कल मिळवून आणली. आमच्या ओट्यावर तिनं ती आधी त्यांच्याकडून वाचून घेतली, मग माझ्याकडून. नवऱ्याच्या हिश्शावरचा हक्क तिनं राजीखुशीनं सोडला, असं त्यात होतं.

"राजीखुशीनं कुटं लिवलंय?"

मी दाखवलं. तिनं तो शब्द एकेक अक्षर लावून स्वतः वाचला. बराच वेळ लागला.

"ह्ये खोटं हाय," ती म्हणाली.

अप्पांच्या ओळखीच्या वकिलांनी कागद बघून सांगितलं की आता मुदत गेली, काही होणार नाही. अप्पांनी ते तिला स्वतः बाजारात जाऊन सांगितलं, कारण माझ्यानं सांगवेना. ते म्हणाले, ती गिऱ्हाइकाला मेथी देत होती, तिनं ऐकून घेतलं आणि नक्कल परत मागितली. ती तिनं शेवटपर्यंत जपून ठेवली होती म्हणे. मी पुढच्या वर्षी लग्न होऊन गेले आणि वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला. त्या तिथं चित्रं काढवून घेत की नाही, मला माहीत नाही. भाजीवाली मात्र वर्गाला जात राहिली, आणि दर महिन्याच्या हजेरीवर सही करण्याआधी त्या नव्या बाईंना सगळी हजेरी मोठ्यानं वाचायला लावत असे, असं साळुंकीवालीनं मला एकदा अंबाबाईच्या देवळात भेटल्यावर सांगितलं.